पलीकडच्या बाजूचा गिलावा

मुरबे गावातल्या येसूबाईला भांडायला कारण लागत नसे, माणूस मात्र ठरलेलं होतं. शेजारची नवसी. दोन घरांच्या परसांमध्ये झावळ्यांचं कंबरेएवढं कुंपण होतं. बाजारातून परतल्या की अलीकडे येसूबाई आणि पलीकडे नवसी पाट टाकून बसत. हातांनी कोळंबी सोलायची आणि तोंडानं एकमेकींना. नवसीचं सांडपाणी, येसूबाईच्या शेवग्याचा पाला, कुणाच्या बोंबलांच्या दोरीची सावली कुणाच्या जवळ्यावर पडली, विषयांना तोटा नव्हता. काहीच सुचलं नाही तर कुंपण होतंच. झावळ्या बदलताना नवसी ते दरवर्षी वीतभर आत सरकवते, असं येसूबाईचं म्हणणं. तीच वीत येसूबाईनं खाल्ली, असं नवसीचं.

दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या आळीत आलेल्या. दोघींचे नवरे बोटीवर, सासवा खाष्ट. मन मोकळं करायला कुंपणाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. येसूबाईचा नवरा गेला तेव्हा नवसीनं दिवसकार्य होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं शेवग्याच्या पाल्यावरून अशी काही तोफ डागली, की इतके दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली येसूबाई पदर खोचत उठली आणि परसात आली. त्या दिवशी ती पोटभर भांडली आणि मग पोटभर जेवली. ही गोष्ट दोघींपैकी कुणीही कधी बोलून दाखवली नाही.

घोटाळा केला तो पोरांनी. येसूबाईचा दिपेश तारापूरच्या एका कारखान्यात लागलेला. लग्न झालं, सून रुचिताला दिवस गेले आणि दोन खोल्यांचं घर अपुरं पडायला लागलं. बोईसरला भाड्यानं जागा बघू का, असं दिपेशनं घाबरत घाबरत विचारलं. येसूबाईनं बोईसरचं नावसुद्धा पुरतं ऐकून घेतलं नाही. नातवंड आपल्याच घरात रांगणार, मागे खोली बांध, असा हुकूम तिनंच सोडला. मागे म्हणजे थेट कुंपणापर्यंत, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

दिपेशच्या मात्र लगेच आलं. दोन म्हाताऱ्यांचं इतक्या वर्षांचं भांडण आणि आपण त्यावरच पाया खणणार. त्यानं नवसीच्या धीरजला गाठलं. धीरज समजूतदार मुलगा. रविवारी दोघांनी टेप आणली, जुना नकाशा काढला, परस मापलं. कुंपण जिथे असायला हवं होतं तिथेच निघालं. कुणी कुणाची वीत खाल्लेली नव्हती. धीरजनं हसत हसत ना हरकत लिहून दिली, दोघांनी मिळून चहा घेतला. दोन्ही म्हाताऱ्या आपापल्या दारात उभ्या राहून हे बघत होत्या, आणि पोरांना शाबासकी द्यायची सोडून दोघींची तोंडं उतरली होती. एवढं जपून ठेवलेलं भांडण अर्ध्या तासात कुणी मिटवून टाकलं तर दुसरं काय होणार?

मासवणचा जिव्या गवंडी कामाला लागला आणि येसूबाईला काय चाललंय ते उमगलं. पहिल्या दिवशी भिंतीवरून नवसी कंबरेपासून वर दिसत होती, मग नुसतं डोकं, मग डोक्यावरचा पदर. येसूबाई जिव्याच्या मागे लागली. विटा कच्च्या आहेत, ओळंबा चुकलाय, आज अमावस्या आहे, उद्या ये. जिव्या हो हो म्हणायचा आणि आणखी एक थर चढवायचा. शेवटी तिनं दिपेशला सांगितलं, या भिंतीला खिडकी ठेव. दिपेश म्हणाला, हद्दीवरच्या भिंतीला खिडकी चालत नाही, पलीकडे त्यांची न्हाणी आहे, बरं दिसेल का ते? बरं दिसणार नव्हतं, हे येसूबाईलाही कळत होतं. पण उद्यापासून बोलायचं कुणाशी, हे पोराला विचारणार कसं? ज्या बाईला आयुष्यभर नावं ठेवली, तिच्यावाचून करमणार नाही, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? भिंत पुरी झाली.

खोली देखणी झाली, यात वाद नाही. रुचितानं पडदे लावले. वास्तूच्या पूजेला आळी जेवून गेली, धीरज बायकोसकट आला. नवसी आली नाही. येसूबाईनं तिच्यासाठी काढून ठेवलेलं ताट रात्री स्वतःच झाकलं. रुसली असेल तर रुसू दे, आपण का पडती घ्यायची, असं तिनं मनाशी ठरवलं. मग तिनं सुनेशी भांडून बघितलं. पण रुचिता भारी गुणी पोर, प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणायची. हो म्हणणाऱ्या माणसाशी किती वेळ भांडणार? येसूबाईचं जेवण कमी झालं. बाजारातसुद्धा ती गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला म्हावरं द्यायला लागली, तेव्हा शेजारच्या कोळणींनी तिला ताप आहे का म्हणून हात लावून बघितला.

एक दिवस बाजारातून येताना तिचे पाय आपल्या गल्लीत न वळता पुढे गेले. रस्त्यानं वळसा घालून ती नवसीच्या पुढच्या दारात उभी राहिली. हे दार तिच्या ओळखीचं नव्हतं. कुंपणावरून सगळं आयुष्य बोलून झालं होतं, त्यामुळे एकमेकींच्या घरात जायची वेळच फारशी आली नव्हती. हाक मारायचा धीर होईना. ती तशीच घरातून मागच्या दाराशी गेली.

नवसी परसात होती. पाट भिंतीला लावलेला, पाठ भिंतीला टेकलेली, पुढ्यात कोळंबीची पाटी. एक गुडघा सुजून लांब पसरलेला.

"पूजेला नाय आलीस ती?" येसूबाईनं दारातूनच विचारलं.

"गुडगा धरलाय. रस्त्यानं फिरून यायला नाय जमत. कुंपण होतं तवा दोन पावलांवर होतीस."

"मग हितं उन्हात भितीला चिकटून काय करतेस?"

नवसीनं पाटीत हात घातला, दोन कोळंब्या सोलल्या आणि मग म्हणाली, "तुजा आवाज येतो काय बगते. नाय येत. तुज्या पोरानं भित लय जाड बांदलीय."

येसूबाईच्या डोळ्यांना धार लागली. रडताना दिसू नये म्हणून तिनं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि मग तिला दिसलं की या बाजूनं भिंत नुसत्या उघड्या विटांची होती. जिव्यानं गिलावा फक्त आतून केला होता. नवसीच्या पाठीवरचं लुगडं विटांना घासून विसविशीत झालं होतं.

"गिलावा नाय केला हिकडनं," ती नाक ओढत म्हणाली.

"तुजी भित हाय. तू कर."

"भित माजी, पण बाजू तुजी. मी का करू?"

"माजी कशी? मी सांगितलेलं बांदायला?"

येसूबाई खाली बसली. पाटी तिनं आपल्याकडे ओढली आणि लुगड्याच्या पदरानं डोळे पुसून कोळंबी सोलायला घेतली. गिलाव्याच्या प्रश्नाला किती अंगं आहेत, हे दोघींना हळूहळू कळायला लागलं. वाळू कुणाची, पाणी कुणाचं, परात ठेवायची कुठे. ऊन उतरलं तरी निम्मा प्रश्नसुद्धा सुटला नव्हता.

रात्री ती दोन वेळा भात घेऊन जेवली. दिपेशच्या कानावर सगळं आलं होतं. भिंतीवरून पुन्हा वाकडं यायला नको म्हणून तो म्हणाला, आई, मी उद्याच जिव्याला बोलावतो, दोन दिवसांत गिलावा करून टाकू, खर्च माझा.

"खबरदार बोलावलंस तर," येसूबाई म्हणाली. "आमचं अजून ठरतंय."