तांड्याची गाडी आणि महिन्याची बैठक

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी पंचायत समितीच्या सभागृहात तरुण मुलामुलींच्या प्रश्नांवर सगळ्या खात्यांची एक बैठक व्हायची. मी ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींची समुपदेशक. डॉक्टरांना ओपीडी सोडून निघता येत नसे, म्हणून ते मला पाठवत. मी जाई, आमचा कागद वाचे आणि खाली बसे. इतक्यांना तपासलं, इतक्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या. मग शाळांचा कागद, आयटीआयचा कागद, महिला-बालविकासचा कागद. सगळे आपापला कागद वाचत आणि दुसऱ्याचा वाचला जाताना मोबाइल बघत. आलूबोंडे आले की बैठक संपली असं समजायचं.

एकदा गटविकास अधिकारी म्हणाले, "म्याडम, तुम्ही बोलता चांगलं. माझ्याकडे दोन तालुक्यांचा चार्ज आहे. पुढच्या महिन्यापासून ही बैठक तुम्हीच चालवा."

मला तो मान वाटला. घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत शिक्षक, त्यांना असल्या बैठकांची सवय. हसून म्हणाले, "तुले अध्यक्ष नाही केलं, आचारी केलं. रांधायचं तू, पंगत त्यांची."

मी मनावर घेतलं नाही. सगळ्यांना फोन केले, विषयपत्रिका टाइप केली, आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाटलं. बैठक होती तशीच झाली, फक्त अर्धा तास लांबली.

त्याच महिन्यात एका तांड्यावरची मुलगी आईला घेऊन माझ्या खोलीत आली. उंच, काटकुळी, ओठ पांढरे पडलेले. चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी तपासून माझ्याकडे पाठवलेली. आई आपल्या बोलीत भराभर काही सांगत होती आणि ती "याडी, थांब न" म्हणून तिला गप्प करत होती. आईला बाहेर बसवलं तेव्हा ती मोकळी झाली. दहावी पास होऊन आयटीआयला मोटार मेकॅनिकला लागली होती. वर्गात एकटीच मुलगी.

"मंग सोडलं काहून?" मी विचारलं.

"सोडलं नाही, काटलं. तांड्यावरची गाडी सव्वादहाले पोचवते. वर्कशॉपची हजेरी पावणेदहाले. रोज गैरहजर. मंग मी फाट्यावर चालत जाऊन लागली, तिथं लवकरची गाडी भेटते. पाच किलोमीटर, उपाशी पोटी. दोनदा रस्त्यातच बसली. तिकडून नाव काटलं."

आणखीही एक गोष्ट तिने सांगितली. नाव कमी झाल्यापासून घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती, आणि तिला ते नको होतं. मी तिला गोळ्या दिल्या, काय खायचं ते सांगितलं, आणि पुन्हा यायला सांगितलं.

पुढच्या बैठकीत कागद वाचले जात असताना माझ्या लक्षात आलं की ही मुलगी आज नाव न येता, नुसत्या आकड्यांत, तीनदा वाचली गेली. आमच्या कागदावर ती रक्तक्षयाच्या रुग्णांत होती. आयटीआयच्या कागदावर प्रवेश रद्द झालेल्यांत. महिला-बालविकासच्या कागदावर शिक्षण सुटलेल्या, म्हणून शिवणवर्गासाठी पात्र मुलींत. तिन्ही कागद एका टेबलावर, आणि ती एकच मुलगी आहे हे माझ्याशिवाय तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. तिचं नाव, तांडा, चक्कर, हजेरी, लग्नाची बोलणी. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी मोबाइल पाहिला नाही. मी खूश होऊन घरी आले.

चार दिवसांनी ती एकटीच आली. दारातच उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना.

"म्याडम, आमच्या तांड्यावर ग्रामसेवक आल्ते. चार लोकांत माह्या बापाले इचारलं, पोरीचं लग्न लावून राह्यले का म्हणून. बाप दोन दिवस घरात कोणाशी बोलला नाही." मग ती म्हणाली, "मी तुमच्यापाशी बोलली होती. मिटिंगपाशी नाही."

इतकी वर्षं मी त्या खोलीत मुलींना सांगत आले होते की इथलं बोलणं इथेच राहील. भिंतीवर तसा फलकही आहे.  मी म्हटलं, "चुकलं माह्यं. तुले न इचारता मी बोलायला नको होतं."

तिने फलकाकडे पाहिलं. मला वाटलं, आता जाईल आणि परत येणार नाही. पण तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "तुम्ही लोकं तिथं बसून नेमकं करता काय?"

मी खरं ते सांगितलं. कागद वाचतो.

"मंग मले न्या तिथं. माह्यं मी सांगीन."

तिच्या घरी मी स्वतः गेले. वडिलांपुढे हात जोडून माझी चूक कबूल केली. ते आधी बाजेवरून उठलेच नाहीत. मग चहा ठेवायला सांगितला. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. निघताना एवढंच म्हणाले, "पोरगी जाते म्हणते तर जाऊ द्या."

बैठकीला आणखी एक माणूस हवा होता. एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकांच्या खिडकीशी मी गेले. त्यांना कधी कुणी बोलावलंच नव्हतं. "पोरांच्या मिटिंगीत एसटीचं कायले काम?" ते म्हणाले, पण आले.

त्या मंगळवारी मी तिला टेबलाशी माझ्या शेजारी बसवलं. त्या दिवशी गटविकास अधिकारी साहेबही आले होते; त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "मागच्या वेळी हिच्याबद्दल मी तिला न विचारता बोलले. ती माझी चूक. आज तीच बोलेल, आणि ती सांगेल तेवढंच आपण विचारायचं. इथलं बाहेर जाणार नाही." ग्रामसेवकांना तांड्यावर पाठवणाऱ्या त्यांच्या वरिष्ठांनी मान खाली घातली. माझीही फार वर नव्हती.

तिने गाडीची वेळ सांगितली, हजेरीची वेळ सांगितली. लगेच महिला-बालविकासच्या पर्यवेक्षिका प्रेमाने म्हणाल्या, "अगं, तू आमच्या शिवणवर्गाला ये ना. तुमच्या गावातच आहे."

"मले शिवायचं नाही, म्याडम. मले इंजन खोलायचं हाय. फकत पहिल्या तासाले पोचवा."

सभागृहात हसू फुटलं. पर्यवेक्षिकाही हसल्या. आयटीआयचे निदेशक, म्हणजे तिला वर्कशॉपमध्ये शिकवणारे, म्हणाले, हजेरीची वेळ बदलणं त्यांच्या हातात नाही, पण अर्ज दिला तर नाव परत घेता येईल. "पोरगी हुशार आहे," ते हळूच म्हणाले. "मले वाटलं, हिचं मनच नाही. गाडीचं मी कधी इचारलंच नाही."

नियंत्रकांनी माझ्या विषयपत्रिकेच्या पाठीमागे रस्ता काढला. गाडी सकाळी इथून निघते, शेवटच्या मोठ्या गावी जाते, तिथे पाऊण तास थांबते आणि तांड्यावरून परत येते.

"पाऊण तास कायले?" मुलीने विचारलं.

"शाळेच्या पोरांसाठी. सकाळचे जादा तास सुटले की पोरं तांड्यावर सोडायची असतात."

शाळांच्या वतीने आलेले मुख्याध्यापक चमकून म्हणाले, "सकाळचे जादा तास? ते बंद होऊन तर दोन वर्षं झाली."

 दोन वर्षं एक गाडी रोज पाऊण तास एका रिकाम्या थांब्यावर, नसलेल्या पोरांसाठी उभी राहत होती. शाळेने एसटीला कळवलं नव्हतं, एसटीने शाळेला विचारलं नव्हतं, आणि आयटीआयने दोघांनाही. साहेब आधी हसले, मग कपाळाला हात लावून म्हणाले, "पाहू आपण."

"साहेब, कोण पाहणार?" मी विचारलं. मला स्वतःच्याच धिटाईचं नवल वाटलं. पण कागद घेऊन मी समोरच लिहिलं: वेळ बदलायचा प्रस्ताव नियंत्रक पाठवतील, शाळेचं पत्र मुख्याध्यापक उद्या देतील, प्रवेशाचा अर्ज निदेशक स्वतः भरून घेतील. आलूबोंडे आले तरी कुणी उठलं नाही. हातात बशी घेऊनच सगळे त्या रस्त्याच्या नकाशावर वाकले होते.

आठ दिवसांत काहीच हललं नाही. मी फोन लावले तेव्हा कळलं, प्रस्ताव वर अडला होता, पंचायत समितीचं पत्र जोडलेलं नव्हतं म्हणून. साहेबांनी त्याच दुपारी सही केली. पुढच्या पंधरवड्यात गाडीची वेळ बदलली, आणि तिचं नावही आयटीआयत परत लागलं.

पहिल्या दिवशी मी स्टँडवर गेले. साडेनऊला गाडी लागली. ती उतरली, आणि तिच्यामागे आणखी तीन मुली उतरल्या, कॉलेजच्या पिशव्या घेतलेल्या. त्यांच्याबद्दल आमच्या कुठल्याच कागदावर काही नव्हतं. तिने मला पाहिलं, हात वर केला आणि धावत सुटली. मी कॅन्टीनमध्ये बसून एकटीने चहा प्यायले. इतका चांगला चहा तिथे पुन्हा मिळाला नाही.

तेव्हापासून आम्ही कागद आदल्या दिवशीच एकमेकांना पाठवतो, आणि बैठकीत एकाच मुलाचा किंवा मुलीचा प्रश्न घेतो, तोही त्याला किंवा तिला विचारून. काही जण येतात, काही जण नको म्हणतात, मग नाव न घेता बोलायचं. सगळंच जमतं असं नाही. एका मुलाच्या वसतिगृहासाठी आम्ही सहा महिने भांडलो आणि तोवर तो कामाला निघून गेला होता. ते अजून खुपतं. पण वाहतूक नियंत्रक आता सगळ्यांच्या आधी येऊन बसतात, आणि एसटीशी काडीचा संबंध नसलेल्या विषयांवरही मत देतात.

तिने दोन वर्षं पूर्ण केली. लग्नाची बोलणी तिच्या वडिलांनी आपणहून थांबवली. का, ते मी कधी विचारलं नाही. आता ती उमरखेडला एका गॅरेजमध्ये काम करते. तिथले मिस्त्री आधी तिला ठेवायलाच तयार नव्हते. आता गिऱ्हाइकाला सांगतात, "इंजन का काम है तो बेटी को दिखाओ, मैं तो टायर देखता हूँ."

साहेबांची बदली झाली. नवे साहेब पहिल्याच बैठकीत म्हणाले, "हे काय, अहवाल वाचन नाही?" मी तोंड उघडायच्या आत आयटीआयचे निदेशक म्हणाले, "सर, ते काल वाचून झालं. आज एका पोराच्या दाखल्याचं पाहायचं आहे." आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवून त्या मुलाला विचारलं, "हं, सांग बाबा, कुठं अडलं?"