बाकावर ऐकलेलं मरण

मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात ताप नसलेली माणसंही गोष्टी ऐकायला येऊन बसतात. सांगतोही मी रंगवून. एक गोष्ट मात्र कधी सांगितली नाही.

पन्नासच्या दशकात खेड्यांत डॉक्टर मिळत नसत, म्हणून एक वेगळा, लहान अभ्यासक्रम होता. शिकायचं आणि मग पाच वर्षं खेड्यात राहायचं. मोठ्या कॉलेजात जाण्याइतके मार्क मला नव्हते, त्यामुळे खेड्यांवर माझं एकाएकी फार प्रेम बसलं. मुलाखती अंधेरीच्या एका शाळेत होत्या. मी गणपतीच्या मेळ्यात कामं केलेला गडी. शेजारच्या काकांचं खादीचं जाकीट, वहाणांना मुद्दाम फासलेली माती आणि चेहऱ्यावर देशसेवा, असा सजून गेलो.

व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी गोराईची एक मुलगी बसली होती, कोळ्यांची. तिने पहिल्याच वाक्याला अरे-तुरे केलं.

"कुठून आलास रे?"

"मुलुंडहून."

"मग ही माती कशाला फासलीस? आत काय वहाणा तपासणारेत?"

मला हसू आलं. "तू कशाला आलीस?" मी विचारलं.

तिने सरळ सांगितलं. धाकट्या बहिणीला घटसर्प झाला. घशात पांढरा पडदा धरला. बोरिवलीच्या डॉक्टरकडे न्यायला होडीत घातली, तर ओहोटी लागलेली, होडी चिखलात बसलेली. आईने पोरीला मांडीवर घेतलं आणि भर दुपारी सगळे पाण्याची वाट बघत राहिले. पाणी आलं तोवर पोर थंड झाली होती.

"तिची एक चप्पल चिखलातच राहिली," ती म्हणाली. "गावात डॉक्टर असता तर होडी लागलीच नसती. तेवढंच सांगायचंय आत."

मला आधी बोलावलं. निवड समितीचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. त्यांनी विचारलं, "खेड्यातच का जायचंय?" मी भाषण पाठ केलं होतं. ते बाजूलाच राहिलं. मी माझं आजोळ उचलून खाडीपलीकडे नेलं, एक बहीण जन्माला घातली आणि तिला होडीत मारली. चप्पलसुद्धा सोडली नाही.

"नाव काय होतं तिचं?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

पापणी न लववता मी मावसबहिणीचं नाव ठोकून दिलं. ती आज दादरला ठणठणीत आहे. एका सभासदाने चष्मा काढून पुसला. खरं सांगतो, मला टाळ्या ऐकू आल्या.

बाहेर येऊन खिडकीजवळच्या माठातलं पाणी घेतलं. ती आत गेली होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. ओहोटी. चिखल. चप्पल.

"बाई, ही गोष्ट आम्ही आत्ताच ऐकली," अध्यक्ष म्हणाले.

"माझी आहे ती."

"असं? मग नाव सांगा बहिणीचं."

मी पेला हातात धरून थांबलो. आतून नाव येईना. हुंदकाही नाही.

"पुढच्याला पाठवा," अध्यक्ष म्हणाले.

ती बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तू काय नाव सांगितलंस तिचं?"

मी सांगितलं.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "मला ती गेल्यापासून नाव घेताच येत नाही. आईपुढेसुद्धा." मग तिने उन्हाकडे पाहिलं. "जाते. ओहोटी लागायच्या आत होडी गाठायची आहे."

खोलीचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी गेलो, पण शिपायाने माझं नाव पुकारल्यावर. माझी निवड झाली होती. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, ही गोष्ट बाहेर कुणाला सांगत जाऊ नकोस. लोक चोरतात."

पाच वर्षांची अट मी सात महिन्यांत पाठदुखीचं सोंग करून मोडली. अध्यक्षांचा हा शब्द मात्र आजपर्यंत पाळला.