पाण्याखालचं गाव

माझी थोरली बहीण मैंदर्गीला सासरी बाळंतपणात वारली, आणि वर्ष सरायच्या आत तिच्याच नवऱ्याला मला द्यायचं घरात ठरलं. मी नाही म्हटलं. वडील शाळामास्तर. आवाज न चढवता त्यांनी मला माडीवरच्या खोलीत कोंडलं.

"डोकं ठिकाणावर आलं की हाक मार."

खिडकीतून किल्ल्याशेजारचा तलाव दिसायचा. दुपारी मी डोळे मिटून त्या पाण्यात उतरायचे. खाली एक गाव होतं. हिरवट उजेड, ओल्या पायऱ्या आणि घराघरांत नुसत्या बायका. ताईचंही घर होतं तिथं. केस मोकळे सोडून ती उंबऱ्यावर बसलेली असे. आधी मीच तिला रचलं होतं; पुढे पुढे माझ्या मनात नसलेलंही ती बोलू लागली. एकदा मी विचारलं, "तुझ्या जागी मी जाऊ?" ती उठून आत गेली आणि तिनं दाराला कडी घातली.

मी जेवेनाशी झाले, ताईशी मोठ्यानं बोलू लागले. थोरलीनं धाकटीला धरलंय, असं सगळे म्हणाले. आईवडील मला अक्कलकोटजवळच्या एका देवऋषी बाईकडे घेऊन गेले. तिनं कडुलिंबाचा धूर केला, माझे केस मुठीत धरले.

"बोल, कोन हायस तू? कुटनं आलीस?"

ताई बनून बोलले असते, तर सगळ्यांनी ऐकलं असतं. मेलेल्यांचं ऐकतात. ओठांवर आलंही होतं. पण बाहेर पडला तो माझाच घोगरा आवाज.

"मी मीच आहे. त्या घरात मी जाणार नाही."

"लई चिवट हाय," म्हणत बाईनं आणखी पाला मागवला.

तेव्हा आई उठली. तिनं माझे केस सोडवले. "पुरे झालं. ही जाणार नाही तिथं." वडील चपला घालून बाहेर गेले.

परतीच्या गाडीत आई माझ्या कानाशी वाकली. "ताई कशी आहे गं तिथं?"

"बरी आहे."

"जेवते?"

"हो."

लग्न मोडलं. मी शिकले, मुलींच्या शाळेत शिकवू लागले. पाण्याखालच्या त्या गावात मात्र पुन्हा उतरता आलं नाही. डोळे मिटले की नुसतं काळं पाणी. आई रोज विचारायची, आज काय म्हणाली? मी बनवून सांगायचे. एकदा म्हटलं, ताई नवं लुगडं नेसलीय. आईनं रंग विचारला. मला पटकन सुचेना. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.