पदर हाय की तोंडाला

मास्कचा खोका आला त्या दिवशी कारागिरांच्या रांगेत शेवटी मीही जाऊन उभी राहिले. हातात झाडू होता. मालक एकेकाच्या हातात मास्क ठेवत माझ्यापर्यंत आले आणि थांबले.

"तू कावून रांगेत?"

"धूळ मलाबी लागती, मालक."

"तू काय दगड कापतीस व्हय? झाडायला येतीस. पदर हाय की तोंडाला."

सगळे हसले. दगडाच्या कंपनीचे दोन पाहुणे फोटो काढायला आले होते, तेही हसले. आणि मीही हसले. मालकाचं बोलणं मी एक वेळ विसरेन. माझं ते हसणं मला अजून विसरता आलेलं नाही.

मला दगडाच्या स्लॅबच्या मागं जायला सांगितलं. फोटोत झाडू नको म्हणाले. फोटो झाले, पाहुण्यांची गाडी गेली, आणि मालकांनी सगळे मास्क परत खोक्यात गोळा केले. पुढच्या खेपेला लागतील म्हणाले. म्हणजे अर्ध्या तासाच्या मास्कसाठी माझं हसं झालं होतं.

आमचं शेड सिरसाळ्याच्या बाहेर, परळीच्या रस्त्याला. तिथं स्वयंपाकघराचे ओटे बनतात. आधी काळा ग्रॅनाइट आणि कडप्पा यायचा. मग पांढरा माल यायला लागला, कारखान्यात बनवलेला दगड. मोबाइलमध्ये बघून सगळ्यांना तसाच ओटा हवा होता. दुधासारखा पांढरा, डाग न पडणारा. तो कापला की पिठासारखी धूळ उडायची. काळ्या दगडाची धूळ तरी खाली बसायची. ही हवेतच राहायची.

मी तिथं चार वर्षं झाडलं. त्याआधी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायचे. पोरगी शाळेत जायला लागली तेव्हा म्हटलं, आता गावातच राहायचं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून शेड धरलं. नवरा कोयता घेऊन सहा महिने बाहेर. घरी मी, सासू आणि माझी पूजा.

दिवसातून तीनदा झाडायचं. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. पाणी शिंपडायची सोय नव्हती. एकदा मी बादलीभर मारलं, तर मालक म्हणाले, "चिखल करतीस. गिऱ्हाईक येतं इथं. आन टँकरचं पाणी काय धुळीला पाजायचं?" त्यांच्या बंगल्यापुढं हिरवळ होती. तिला तेच टँकरचं पाणी दोन वेळा मिळायचं.

शेड आधी दोन बाजूंनी उघडं होतं. शेजारच्या शेतमालकानं तक्रार केली, माझ्या कपाशीवर धूळ बसती. मालकांनी आठ दिवसांत दोन्ही बाजूंना पत्रे ठोकले. कपाशीची तक्रार मिटली. आमचं काय होईल ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

आता मी केलेलं सांगते. झाडलेली पांढरी भुकटी पोत्यात भरून मागं टाकायची असायची. एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "एवढी चांगली भुकटी फेकतीस कशाला? भांडी घासायला ने. रांगोळीत मिसळ." मला वाटलं, केवढं मन मोठं. मी डबा भरून नेला. पितळ असं लखलखलं की शेजारच्या शारदानं विचारलं, काय लावलंस. मग तिला दिली, तिच्या जावेला दिली. होता होता आमच्या आळीत नऊ घरांत माझी भुकटी जायला लागली. खडे नकोत म्हणून मी ती जुन्या ओढणीतून चाळायचे. ओढणीचं दुसरं टोक पूजा धरायची. भुकटी उडाली की ती हसायची, तिच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या. मला त्याचं कौतुक वाटायचं. त्या काळात आळीत मला मान होता. गरिबाकडे वाटायला काही असलं की त्याला जरा उंच झाल्यासारखं वाटतं.

मग खोकला सुरू झाला. आधी सकाळी, मग दिवसभर. हंडा घेऊन चढ चढताना मधे बसावं लागायचं. गावच्या दवाखान्यात थुंकी तपासली, तीत काही निघालं नाही. छातीचा फोटो काढला, त्यात डाग निघाले. टीबी असेल म्हणून गोळ्या दिल्या. त्या मी एकही दिवस न चुकवता खाल्ल्या. फरक पडला नाही.

गावात मात्र लगेच फरक पडला. शेडमध्ये माझा चहाचा पेला खिडकीच्या गजात अडकवला गेला. आळीत हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. सासूनं माझं ताट वेगळं केलं आणि मग एक दिवस पूजाचं दप्तर भरलं. "युसूफ वडगावला नेती तिला, आत्याकडं. पोरीला लागलं तर कोण निस्तरणार?" मी नवऱ्याला फोन लावला. तो फडात होता. म्हणाला, "आई म्हणती तसं कर." सासूही पोरीबरोबर गेली. जाताना पूजाला माझ्याजवळ येऊ दिलं नाही. मी दारात उभी राहिले, ती रिक्षात बसली.

त्यानंतर घरात मी एकटीच. स्वतःशी बोलायची सवय मला तेव्हा लागली. भाजी चिरताना मीच विचारायचे, मीठ टाकलं का. मीच सांगायचे, टाकलं. कधी कधी दिवसभरात माझ्याशी दुसरं कुणी बोललेलं नसायचं. मला फार वाईट वाटायचं, आणि रागही यायचा, पण राग कुणावर धरायचा तेच कळत नव्हतं. आपल्याच अंगात कीड, तर बोलणार कुणाला?

आमच्याकडे रज्जाक मिस्त्री होते, दिंद्रुडचे. ओट्याच्या कडेची गोलाई त्यांच्यासारखी कुणाला जमत नसे. तेही खोकत होते, मग त्यांनी काम सोडलं. दोन महिन्यांनी ते शेडच्या फाटकाशी आले. इतके वाळले होते की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. मालकांनी आत येऊ दिलं नाही. मी कचरा टाकायला बाहेर गेले तेव्हा त्यांनी मला हाक मारली.

"ताई, मी मोठ्या दवाखान्यात गेलतो. ह्यो टीबी न्हाई. धूळ हाय, दगडाची. तुमीबी जाऊन या."

"मी कुठं दगड कापते, मिस्त्री?"

"कापत न्हाई. पन धूळ खाताय तर खरं."

मी गेले. दोन एसट्या बदलून गेले. तिथं डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, काम काय करता. मी म्हणाले, झाडते. त्यांनी विचारलं, कुठं झाडता. आजवर हे मला कुठल्याच दवाखान्यात कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. पाणी मारून झाडता का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, कोरडं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, कापणारे एकदा धूळ उडवतात. तुम्ही ती दिवसातून तीनदा परत उडवता."

मग त्यांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. दगडाची बारीक धूळ आत जाऊन बसली आहे म्हणाल्या. जे झालं ते मागं फिरणार नाही. ते काम आजच सोडा. मी विचारलं, हे पोरीला लागेल का. त्या म्हणाल्या, "तुमच्यापासून कुणालाही लागत नाही. तुमचा पेला, तुमचं ताट, कशातूनच नाही." मी तिथंच स्टुलावर बसून रडले. आनंदानं रडले असं वाटेल, पण तो आनंद नव्हता. माझी पोरगी फुकट नेली होती.

मग मी ओढणीचं सांगितलं. मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. पोरीलाही एकदा तपासायला आणा, आणि घरातली भुकटी ओली करून पुरून टाका, एवढंच म्हणाल्या.

घरी आले, शेडचं काम सोडलं. दुसऱ्या दिवशी शारदा दारात. दिवाळी जवळ आली होती. चार हात लांब उभी, नाकाला पदर. रिकामा डबा तिनं उंबऱ्यापाशी ठेवला आणि मागं सरकली.

"भुकटी दे भरून. डबा तितंच ठेव, मी घेती."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या पेल्याला कुणी शिवत नव्हतं, पण माझी भुकटी चालत होती. ज्यानं काही होत नाही त्याला सगळे भ्यायले होते, आणि ज्यानं होतं ते मी डबे भरभरून वाटत होते. तो दिवस मी कधी विसरणार नाही. पहिल्यांदा माझा राग जिथं जायला हवा होता तिथं, त्या शेडवर गेला.

"शारदा, ह्यानंच मी आजारी पडले. ही घेऊ नको, घरात असली तर पाणी मारून पुरून टाक."

"न्हाई द्यायची तर न्हाई म्हन की. दुसऱ्या कुनाला द्यायची आसंल."

रिकामा डबा उचलून ती निघून गेली. बाकीच्या आठ घरी मी स्वतः गेले. दोघींनी दार उघडलं नाही. एकीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग इतके दिवस कावून दिलीस?" मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण दिली मीच, हेही खरंच.

सासूला फोनवर सांगितलं, टीबी नाही. ती म्हणाली, "तोंडी नगं. कागद आण, मंग पोरगी धाडते." दगडाच्या धुळीचा आजार आहे असा सरकारी कागद जिल्ह्याची डॉक्टरांची समिती देते. ती आधी विचारते, दगडाचं काम केल्याचा पुरावा काय. मी मालकांकडे गेले. म्हटलं, मी इथं काम केलं एवढं लिहून द्या.

"तू माझी कामगार कवा होतीस? हजेरीत नाव दाखव."

हजेरीच्या वहीत सात नावं होती. माझं नव्हतं. चार वर्षांत कधीच नव्हतं. "तुला घरची समजून ठेवली व्हती," मालक म्हणाले. घरची. माझा पेला गजात अडकवला तेव्हा मी घरची नव्हते.

रज्जाक मिस्त्रींनी वर अर्ज केला होता. त्यावरून शेडच्या तपासणीला सरकारी साहेब येणार असं कळलं. त्या सकाळी मालकांची गाडी माझ्या दारात आली. आयुष्यात पहिल्यांदा. ते उतरले, बाजेवर बसले आणि नीट बोलले.

"साहेबानं इचारलं तर सांगायचं, मी यांच्या घरी धुनीभांडी करती. शेडमधी कवा गेले न्हाई. पोरीला बीडला होस्टेलात घालतो. तुझ्या सासूलाबी सांगतो मी, की सुनंला काय झालं न्हाई. ती माझा शब्द खाली पडू द्यायची न्हाई."

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. दहा डॉक्टरांच्या कागदापेक्षा मालकाच्या एका शब्दाला आमच्या घरात जास्त वजन आहे. संध्याकाळपर्यंत पूजा माझ्याजवळ आली असती. मी त्यांच्या गाडीत बसून शेडवर गेले.

शेडमध्ये पाणी मारलेलं होतं. कारागिरांच्या तोंडाला मास्क होते. साहेबांनी वही बघितली, सात जणांची नावं विचारली, मग माझ्याकडे बघितलं.

"या कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मालक म्हणाले, "ही व्हय? ही कुनी न्हाई. घरी धुनीभांडी करती."

साहेबांचं पेन पुढं गेलं. कुणी नाही म्हटल्यावर लिहायचं काय? आणि मला दिसलं की मी आता गप्प बसले, तर पोरगी मिळेल ती त्यांच्या उपकारावर मिळेल. पुढं कधी त्यांची मर्जी फिरली की परत जाईल. आणि तिलाही कुणी विचारलं, तुझी आई कोण, तर हेच उत्तर असेल, कुणी नाही.

"साहेब," मी म्हणाले. "मी चार वर्षं हितली धूळ झाडली. कोरडी."

"गप ए," मालक म्हणाले.

साहेबांनी विचारलं, पुरावा काय. माझ्याकडे कागद नव्हता. पण धूळ कुठं बसते हे झाडणाऱ्यालाच माहीत असतं. मी त्यांना म्हणाले, माझ्या मागं या. मोठ्या कटरच्या पायाशी पत्र्याची फट आहे, तिथं त्यांना हात घालायला लावला. पंख्याच्या खोक्यामागं, आडव्या लोखंडी पट्टीवर, स्लॅब टेकवायच्या लोखंडी घोड्याखाली, जिथं जिथं पाणी मारणारा पोचला नव्हता तिथं तिथं. साहेबांचा हात कोपरापर्यंत पांढरा झाला. मागं नेऊन पोती दाखवली. कुठलं पोतं कधीचं तेही सांगितलं.

साहेब म्हणाले, "नोंद करतो. पण हजेरीत तुमचं नाव नाही, साक्षीदार लागेल. यांच्यापैकी कुणी सांगतं का, की ही बाई इथं कामाला होती?"

सात माणसं. त्यांच्या पायाखालचं मी रोज झाडलं. एकानंही मान वर केली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याही घरी पोरं आहेत. पण तेव्हा इतकं एकटं वाटलं, की पोरगी रिक्षात बसून गेली त्या दिवशीही तेवढं वाटलं नव्हतं.

साहेबांनी जबाबासाठी त्यांच्या कचेरीत सोमवारची तारीख दिली. परत येताना मला गाडी नव्हती. मी चालत आले, सहा ठिकाणी बसले.

घरी येऊन नणंदेच्या फोनवर पूजाशी बोलले. सासूनं फोन तिच्या हातात दिला, पण स्पीकर चालू ठेवला.

"आई, तुला टीबी हाय ना?"

"न्हाई. मला मालकाच्या शेडातल्या दगडानं आजारी पाडलं. शाळेत कुनी इचारलं तर असंच सांग. मालकाचं नाव घेऊन सांग."

"आजी रागवंल."

"रागवू दे."

सोमवारी मी एकटी जाणार आहे. माझं नाव लिहा म्हणणार. नऊ घरांत भुकटी मी नेली हेही सांगणार, कुणी विचारलं नाही तरी. ते काम केल्याचा कागद देतील किंवा पुढची तारीख देतील. पुढची दिली तर पुढच्या तारखेला जाईन, चालता येतंय तोवर जाईन. पण मंगळवारी मी युसूफ वडगावला जाणार. माझ्या पोरीला आणायला मला मालकाचा शब्द नको आणि कुणाचा कागदही नको.