फोटोखालचं नाव

आमचे हे भित्रे आहेत. मी त्यांच्या तोंडावर सांगते आणि ते मान डोलावतात. मला बघायला पहिल्यांदा आमच्या माहेरी आले तेव्हा आमचं म्हातारं कुत्रं नुसतं शिंकलं, तर ह्यांनी खुर्चीवर पाय वर घेतले ते निघेपर्यंत खाली ठेवले नाहीत. शेजारी मोठ्याने भांडण सुरू झालं की हे आमच्या घरातला टीव्ही बंद करतात. भांडण आपल्यामुळेच लागलं असणार, अशी त्यांची समजूत.

धंदा मात्र नेमका निवडला. आमचा फोटो स्टुडिओ आहे. माणसाला कॅमेऱ्याची भीती वाटते आणि ह्यांना माणसाची, त्यामुळे दोघांचं बरं जमतं. समोरच्याला स्टुलावर बसवतात, छत्रीचा दिवा नीट करतात, "हनुवटी जरा खाली" म्हणतात आणि वर विचारतात, "काढू ना?" पुन्हा, "काढू ना नक्की?" लोक हसतात, आणि हसले की फोटो चांगला येतो. सगळी गल्ली त्यांना फोटोमामा म्हणते.

हल्ली सगळ्यांच्या हातात फोन आल्यापासून आमच्याकडे फक्त पासपोर्ट फोटो उरले होते. मग सीमेपलीकडे मारामाऱ्या सुरू झाल्या आणि आमच्या गावात माणसं येऊ लागली. पोरंबाळं, गाठोडी, एखादी म्हातारी पाठुंगळी. प्रत्येकाला नोंदणीचं कार्ड हवं, कार्डाला फोटो हवा. खोटं कशाला बोलू, आमचं दुकान त्यांच्यावर चाललं. गावात कुरकुर होती. भाडी वाढली, दवाखान्यात रांगा लागल्या. पण मागच्या जुन्या गोदामात एक संस्था सुरू झाली आणि तिला बाहेरून मोठं अनुदान मिळालं, तशी कुरकुर कमी झाली. अनुदानाची अटच होती की आलेल्यांना जेवढं मिळेल, तेवढं गावातल्यांनाही मिळालं पाहिजे. म्हणून अर्ध्या गोदामात सगळ्यांसाठी दवाखाना, अर्ध्यात शिवणवर्ग. माझ्या साखरेच्या गोळ्या तिथल्याच. नाकं मुरडणारेही त्याच रांगेत उभे असायचे.

संस्था चालवणाऱ्या ताई कायम घाईत, ओढणी एका खांद्यावरून घसरलेली, पण मनाने सोनं. दरवर्षी अनुदानवाल्यांना अहवाल जायचा आणि त्यातले फोटो हे काढायचे. फोटोत काय, तर मशीनवरचे हात, पाठी, वेण्या. बायका चेहरा नको म्हणायच्या आणि आमचे हे दुसऱ्यांदा विचारण्याआधीच कॅमेरा खाली करायचे.

त्या बायकांत एक होती, तिला मी काजवाली म्हणायचे. शर्टाची काजं ती अशी करायची की उलट्या बाजूनेही सुलटी वाटावीत. एक लहान मुलगी सोबत, बाकी कोणी नाही. वर्गात बसायची ती पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करून. तिच्या नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत गोळी घातली होती. घालणारे कोण ते तिने पाहिलं होतं, आणि तिने पाहिलंय हे त्यांनाही ठाऊक होतं. ताईंनी आम्हाला सांगितलं तेव्हा हे उठून आत जाऊन पाणी प्यायले.

एकदा ताई कागद घेऊन आमच्या काउंटरशी आल्या. अनुदानवाल्यांनी लिहिलं होतं, काम चांगलं आहे, पण फोटोंत माणूस दिसत नाही. पैसे देणाऱ्याला चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही. माणसं वाईट नव्हती ती. त्यांनाही कुणाकडे तरी हात पसरायचा असणार.

वर्गात विषय निघाला. गावातल्या बायका हौसेने तयार झाल्या, पण चेहरा हवा होता बाहेरून आलेलीचा. सगळ्या खाली मान घालून शिवत राहिल्या. शेवटी काजवालीच म्हणाली, "माझा काढा मामा. वर्ग बंद झाला तर सगळ्यांचं नुकसान." नाव बदलून छापतील, गावाचा उल्लेख नसेल, असं ताईंनी शब्दावर सांगितलं, आणि तो शब्द पुढे पाळलाही गेला.

ह्यांनी "काढू ना?" इतक्यांदा विचारलं की ती दातात दोरा धरून हसली, आणि तेवढ्यात बटण दाबलं गेलं. असा फोटो त्यांच्या हातून ना आधी झाला, ना नंतर. बघणाऱ्याला वाटावं, आपल्याच घरातली लेक आहे.

अनुदान मिळालं. तो फोटो त्यांनी आपल्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर लावला, पोस्टरं केली, फोनाफोनांतून तो फिरला. खाली तिची हकिगत, बदललेलं नाव, गाव नाही. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरांत, 'छायाचित्र:' म्हणून ह्यांचं पूर्ण नाव आणि आमच्या स्टुडिओचं नाव. मानाने, आपुलकीने छापलेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव कुठे छापून आलं होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते फोनवर मोठं करून दाखवायचे. बाईला लपवलं आणि तिच्याखाली आमचा पत्ता छापला, हे ना त्यांना सुचलं, ना ताईंना, ना एवढं तोंड चालवणाऱ्या मला.

त्या दुपारी काजवाली मुलीला घेऊन आली होती. शाळेच्या कार्डासाठी मुलीचा फोटो हवा होता. हे दोघींना घेऊन आतल्या खोलीत होते, मध्ये पडदा. मी काउंटरवर फ्रेमा पुसत होते. दोन माणसं आत आली. एक चांगला पोक्त, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. दुसरा तरुण, तो बोललाच नाही, दुकानभर नजर फिरवत राहिला.

पोक्त माणसाने फोन पुढे केला. "काकू, हा फोटो तुमच्याकडेच काढलाय ना? फार सुंदर आहे."

मी काही बोलायच्या आत, कौतुक ऐकून, हे हसत पडद्याबाहेर आले. नेमके तेव्हाच.

"काका, तुम्हीच का? ही आमची बहीण. कधीपासून शोधतोय. आई अंथरुणाला खिळलीय, हिचं नाव घेतेय."

पडदा जमिनीपासून हातभर वर होता. त्याखाली मला काजवालीची पावलं दिसत होती. तो माणूस बोलू लागला आणि ती पावलं थिजली. मग एक एक करून मागे सरकली. मुलीचीही. एका हाताने चपला उचलून घेतल्या. मी काउंटरमागून बाहेर आले आणि पडद्यापुढे उगाच खुर्ची ओढली.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. मनात म्हटलं, संपलं. ह्या माणसाला बाजारात जास्तीची जुडी घासाघीस करून मागता येत नाही, हा काय खोटं बोलणार?

"हो... म्हणजे नाही," हे म्हणाले. "हा फोटो माझा नाही."

"खाली नाव तर तुमचं आहे."

"तीच तर डोकेदुखी झालीय!" आवाज चिरकला, पण थांबले नाहीत. "त्यांच्या ऑफिसात घोळ झाला. कुठल्या कुठल्या गावांतून फोटो येतात, नावं इकडची तिकडे. बघा ना नीट. नाकाची सावली ओठावर पडलीय. मी असा दिवा लावीन? मागे भिंतीचा पोपडा दिसतोय. दोरा तोंडात! शिकाऊ पोरानेही असा फोटो देऊ नये. माझी अब्रू गेली हो ह्या फोटोने."

आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या फोटोची ते चिंधी चिंधी करत होते, आणि त्यांच्या कानामागून घाम गळत होता.

पोक्त माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. आलोच आहे तर माझा पासपोर्ट फोटो काढा." आणि माझ्या खुर्चीला वळसा घालून पडदा सारून आत गेला, मागोमाग हे.

मला ओरडायचं होतं. आतून फक्त ह्यांचा आवाज आला, "बसा. हनुवटी जरा खाली. डोळे मिटू नका." मग फ्लॅशचा उजेड पडद्यावर आला. आतल्या खोलीत जुनी डार्करूम आहे. फिल्म गेल्यापासून तिथे आम्ही अडगळ टाकतो, दारापुढे फोटोच्या मागे लावायचे गुंडाळलेले पडदे उभे असतात. ते पडदे जरा सरकलेले असतील तर? मुलगी शिंकली तर? तो तरुण माझ्यासमोर उभा होता आणि मी त्याच्याकडे बघून हसत होते. गाल दुखले माझे.

ह्यांनी फोटो कापले ते वाकडे कापले. त्या माणसाने पाकीट खिशात घातलं. "पुन्हा येऊ," म्हणाला.

ते कोपऱ्यावरून वळल्यावर मी आत धावले. हे आधीच पडदे बाजूला करून डार्करूमचं दार उघडत होते. काजवाली अडगळीत उकिडवी बसली होती, मुलीच्या तोंडावर तळहात दाबून. हात काढला तेव्हा त्यावर दातांचे वळ उठले होते, रक्तही होतं. मुलीने आवाज केला नव्हता, नुसती चावत राहिली होती. "गोळी घालणारा तोच," काजवाली म्हणाली. हे तिथेच फरशीवर बसले.

ताई आल्या. पोलिसांना कळवलं, त्या माणसाचा फोटो दिला. साहेब म्हणाले, फोटो छान स्पष्ट आलाय. संस्थेच्या दारात एक शिपाई बसवला. आमच्या दुकानापुढे कोण बसवणार? अनुदानवाल्यांनी माफी मागितली, फोटो उतरवला, पण लोकांच्या फोनांतून कोण उतरवणार? मायलेकींना त्याच संध्याकाळी हलवायचं ठरलं. ताईंची एका ठिकाणी ओळख होती. त्या गावाचं नाव घेणार, तेवढ्यात हे ताडकन उठले.

"माझ्यासमोर नको! मला सांगू नका. त्यांनी विचारलं तर मी सांगून टाकीन. मार पडायच्या आधीच सांगीन." आणि दोन्ही कानांत बोटं घालून दुकानाबाहेर गेले. गाडी आली तेव्हाही भिंतीकडे तोंड करून उभे. गाडी कुठे वळते तेही त्यांना बघायचं नव्हतं. काजवाली गाडीत बसता बसता थांबली, त्यांच्या पाठीमागे जाऊन म्हणाली, "मामा, फोटो चांगला होता." ते वळले नाहीत. खांदे हलत होते.

नंतरचे दिवस आम्ही जीव मुठीत धरून काढले. दार वाजलं की आधी फटीतून बघायचं. आणि एका दुपारी ते दोघे खरंच आले. तरुणाने आत येता येता शटर अर्धं ओढून घेतलं.

ह्यांना विचारावंही लागलं नाही. त्यांची बोबडी वळली, मग बांध फुटला. हात जोडून, रडत, सगळं सांगितलं. फोटो माझाच. मी खोटं बोललो. तुम्ही स्टुलावर बसला होता तेव्हा ती मागच्या दाराआड होती. तुमचा फोटो पोलिसांकडे दिलाय. मी भिंतीला टेकून ऐकत होते.

"आता कुठे आहे?"

"नाही माहीत. देवाशपथ नाही माहीत. मला कळू नये म्हणून मी कानांत बोटं घातली होती."

पोक्त माणसाने त्यांच्या तोंडात मारली. पुन्हा विचारलं, पुन्हा मारली. ह्यांनी तेच सांगितलं, तसंच रडत. असा माणूस काही लपवू शकत नाही, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मग तो माझ्याकडे वळला. "आणि हिला?"

"हिला?" हे नाकातलं रक्त पुसत म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले, "हिला माहीत असतं तर हिच्या पोटात राहिलं असतं का हो? आतापर्यंत गल्लीभर झालं असतं."

तो तरुण पहिल्यांदाच हसला. मी खाली बघत उभी राहिले. त्या गावाचं नाव माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ताईंनी ते माझ्यासमोरच घेतलं होतं, गाडीवाल्याला रस्ताही मीच सांगितला होता. मी दात आवळून धरले. त्यांनी कॅमेरा फरशीवर आपटला, आणि पोलिसांचं नाव निघाल्यामुळे असेल, शटरखालून वाकून घाईने निघून गेले.

मी ओलं फडकं आणून ह्यांच्या गालाला लावलं. मग त्यांनी हळूच विचारलं, "खरंच नाही ना गं माहीत तुला?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्या हातातलं फडकं थरथरत होतं, ते त्यांनी पाहिलं आणि माझा हात धरला.

"आता कशाला घाबरतेस?" ते म्हणाले. "आपल्याला काही माहीतच नाही."