हाताने दिलेलं उत्तर

रायपूरच्या एका खासगी महाविद्यालयात मी आठवड्यातून एकदा बातमी लिहायला शिकवतो. यंदा माझ्या जुन्या वर्तमानपत्राने शिकाऊ बातमीदार म्हणून वर्गातलं एक नाव मागितलं. जागा एकच. शेजारच्या वहिनींची मुलगी याच वर्गात होती, तिला ती हवी होती.

निवडीसाठी मी पंडरीच्या कापडबाजारातल्या एका व्यापाऱ्याला वर्गात बोलावलं. त्याचं गोदाम नुकतंच जळालं होतं. त्याला प्रश्न विचारायचे आणि बातमी लिहायची, एवढीच परीक्षा.

तो बोलू लागला आणि सगळ्या माना खाली गेल्या. मोबाइलवर मागे रेकॉर्डिंग चालू ठेवून पुढे दुसरं काहीही पाहता येतं. या पिढीने आत्मसात केलेली ही बहुधा एकमेव विद्या. ऐकणं नंतर होणार असतं. पाहणं कोणाच्या हिशेबातच नसतं.

मुख्य प्रश्न वहिनींच्या मुलीने विचारला. "भैया, आग लगी कैसे?" विचारून ती पुन्हा स्क्रीनकडे वळली.

व्यापारी बोलला नाही. त्याने हात वर करून भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे सैल प्लगमध्ये कोणाचा तरी मोबाइल चार्ज होत होता. हात तसाच राहिला. कोणी वर पाहिलं नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

बहुतेकांनी लिहिलं, आगीचं कारण कळलं नाही. मुलीने त्याहून पुढची मजल मारली: कारण विचारताच व्यापाऱ्याने मौन बाळगलं. हे छापलं असतं, तर विम्यासाठी त्यानेच आग लावली असा अर्थ सगळ्या बाजाराने काढला असता.

तरी प्रश्न तिचा होता, म्हणून नाव मी अजून कापलं नव्हतं. संध्याकाळी मायलेकी माझ्या घरी आल्या.

"भाऊजी, पोट्टीनं सारं रेकॉर्ड केलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मंग अजून नाव काहून नाई पाठवलं?"

आग अशाच सैल प्लगमधून लागली, हे व्यापाऱ्याने हाताने सांगितलं होतं, ते मी सांगितलं. वहिनींनी मुलीकडे पाहिलं. मुलगी सोफ्यावर होती. तिने मोबाइलवरून नजर काढली नाही.

"तो उनको बोलना चाहिए था ना, अंकल."

त्या गेल्यावर मी संपादकांना कळवलं, यंदा नाव नाही.