स्थानिक पालक

"मंग मीच की स्थानिक! माझ्यापरीस स्थानिक कोन? आमाला तर जत्रंच्या दिसांत नाक्यावर पोलीस बी अडवत न्हाय. स्थानिक म्हनलं की दांडकं वर."

"मावशी, तुम्ही तळेघरच्या स्थानिक," काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या. "इथं पुण्यातलं माणूस लागतं. मुलीला ताप आला, काही झालं, तर तासाभरात येऊन उभं राहील असं. त्याला स्थानिक पालक म्हणतात."

आणि त्यांनी अर्ज फटीतून परत सरकवला.

चिमाबाईनं अर्जाकडं पाहिलं. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज. चार पानं तिच्या लेकीनं, मोहिनीनं, मोत्यासारख्या अक्षरात भरली होती, फोटो डकवला होता, बापाची सही होती. रिकामा होता तो हा एवढा रकाना. वनस्पतीशास्त्राच्या एमेस्सीला पोरीचं नाव लागलं होतं, वसतिगृहाच्या यादीतही लागलं होतं. पण अर्ज आज पाचच्या आत आला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार होती.

"कुणी नातेवाईक असेलच ना पुण्यात?" बाईंनी विचारलं.

मोहिनीनं आईकडं पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. नातेवाईक होता. त्याचं नाव काढायचं नाही, असं आईनं एसटीत बसतानाच बजावलं होतं.

चिमाबाई एकच पाहून कोंबडीही घेत नाही. म्हणून सकाळी उतरल्यावर आधी एक खासगी खोली पाहून झाली होती. मालकीणबाई म्हणाल्या, इथं कॉट बेसिसवर देतो.

"म्हंजी खाटंचं भाडं?" चिमाबाईनं विचारलं. "मंग खाट आमी घरनं आनतो. आमचा सावळेराम सुतार लई मजबूत करून देतोय."

"खाटेचं नाही हो मावशी, जागेचं."

"मंग जागा म्हना की."

एका खोलीत चार खाटा. दोन खाटांच्या मधली फट चिमाबाईनं हातानं मोजली. एक वीत आणि चार बोटं. "गोठ्यात बी जनावराला यापरीस जास्त जागा ठेवाया लागती बाई. न्हायतर शिंगं लागत्यात." मालकीणबाईंचं हसू तिथंच आटलं.

मग वसतिगृहाची खोली पाहिली. तीन पोरी, तीन खाटा, तीन टेबलं. ज्याचं त्याचं लोखंडी कपाट, ज्याची त्याची किल्ली. चिमाबाई मधल्या खाटेवर ऐसपैस बसली. कपाटाची किल्ली तिनं दोनदा फिरवून पाहिली आणि एक शब्द बोलली. "हितंच."

बोलली म्हणजे झालं. हिरड्याच्या दिवसांत दिवसभर झाडं झोडपून पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी बाई ती. मोहिनीला आश्रमशाळेत घातलं तेव्हा आणि मंचरच्या कॉलेजात घातलं तेव्हा, दोन्ही वेळा नवरा रामनाथ नको म्हणाला होता आणि दोन्ही वेळा पेटी उचलायला तोच पुढं होता.

नातेवाईक म्हणजे हौशीराम, रामनाथचा चुलतभाऊ. भोसरीला कंपनीत. दोन महिने फोनवर त्याचं एकच चाललं होतं. आपलं घर असताना पोरगी हॉस्टेलात? रामनाथलाही ते पटलं होतं, वाडीलाही पटलं होतं. नव्हतं पटलं ते एकट्या चिमाबाईला, आणि का ते तिनं कुणाला फोडून सांगितलं नव्हतं.

ती स्वतः पाचवीला घोडेगावात मावशीकडं शिकायला राहिली होती. मावशी चांगली होती. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही. फक्त सकाळी दोन हंडे आण, मग शाळेला जा. शाळा सुटली की बाळाला जरा घे. पाहुणा आला की पहिलं अंथरूण हिचं उचलायचं, मग ही फळीखाली मुटकुळं करून. सातवीत तिनं दप्तर खुंटीला लावलं ते लावलंच. कुणी काढलं नाही शाळेतून. ती आपली हळूहळू घरकामात विरून गेली, ताकात मीठ विरावं तशी.

अर्ज घडी घालून तिनं पिशवीत ठेवला. "चल," ती म्हणाली.

"कुठं आये?"

"भोसरीला."

"काकाकडं? तूच तर म्हनली..."

"राहायला नको म्हनले. सहीला न्हाय म्हनले व्हय?"

हौशीरामची दुपारची पाळी होती, तो घरीच सापडला. त्याची बायको वृषाली हरखून गेली. चहा ठेवता ठेवताच बोलायला लागली, "बरं झालं आलात जाऊबाई. मोहिनीची गादी हॉलमधी टाकू. शौर्यला शाळंच्या बसपत्तूर ती सोडंल, सांच्याला दोन भाकरी थापंल. मला बी मंग सकाळची पाळी धरता येईल."

वृषालीच्या मनात काळंबेरं नव्हतं. मावशीच्याही नव्हतं. चिमाबाईनं चहा पिऊन बशी बाजूला सारली आणि अर्ज उलगडून ठेवला.

"भावजी, हितं सही पायजे."

हौशीरामनं अर्ज वाचला. त्याचे कान तांबडे झाले. "म्हंजी राहायला आमी नको, सहीला तेवढं पायजे?"

"व्हय."

"वयनी, गावात लोकं शेण घालतील माझ्या तोंडात."

"घालू द्या. खाचरात टाका, भात चांगलं येईल."

मोहिनीला हसू आलं, ते तिनं ओढणीत दाबलं. हौशीराम हसला नाही. "चेष्टा नका करू. ही उगा सही न्हाय. उद्या हिला कायबाय झालं, तर पळायचं मी. घरात असंल तर नजरंसमोर तरी राहील."

हे त्याचं खोटं नव्हतं. चिमाबाईनं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं.

"गेल्या साली सरूआत्या पडवीत घसरून पडली," ती म्हणाली, "तवा पळालं कोन?"

सरूबाई ही हौशीरामची आई. वाडीत एकटीच राहते.

"तुमीच की."

"झोळी करून डांबरीपत्तूर तिला कुनी आनली?"

"तुमी आन रामूदादांनी. मी कुठं न्हाय म्हनतोय!"

"मी तवा म्हनले का, म्हातारी माझ्या घरात राहात न्हाय, मंग मी का पळू? तिला तिचं घर पायजे, तिची चूल पायजे. राहती. हाक आली की मी जाते. मला कुठं ठावं व्हतं त्याला काय म्हनत्यात! आज त्या हापिसातल्या बाईनं सांगितलं. तुमच्या आईची स्थानिक पालक मी हाये, भावजी. माझ्या पोरीचं तुमी व्हा."

हौशीराम उठला. त्यानं पेन शोधला, कपाटातून आधार कार्ड काढलं. पत्त्याचा पुरावा जोडायचा होता. मोहिनीनं कार्ड हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला. "काका, ह्याच्यावर मुक्काम पोस्ट तळेघरच हाये."

पंधरा वर्षं भोसरीत, आणि पत्ता बदलायचं याच्या मनातच आलं नव्हतं.

"घ्या," चिमाबाई म्हणाली, "तुमी बी माझ्यासारखंच स्थानिक."

घड्याळात पावणेदोन झाले होते. भोसरीच्या पत्त्याचं कार्ड घरात एकच होतं, वृषालीचं. शौर्यच्या शाळेसाठी तिनं मुद्दाम बदलून घेतलेलं. तिघंही तिच्याकडं बघायला लागले.

"म्हंजी फोन मला येनार," वृषाली म्हणाली.

"तुलाच," चिमाबाई म्हणाली.

"आन शौर्यला बसपत्तूर कोन सोडनार?"

"ज्यांचा हाये त्यांनी. पोरगी रयवारी येईल, पावनी म्हनून. जेवंल, लेकराशी खेळंल, जाईल."

"परीक्षा असंल तवा रयवारी बी नाय यायची, काकू," मोहिनी म्हणाली. "आत्ताच सांगून ठिवते."

वृषालीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आईवरच गेलीये," ती म्हणाली. गोड म्हणाली की कडू, ते कळायला मार्ग नव्हता. पेन हातात घेऊन ती त्या रकान्यावर वाकली. "मी दहावीला व्हते तवा आमच्यात बी एक पोरगी व्हती राहायला," ती मध्येच म्हणाली. "चुलत्याची. तिचं काय झालं, कुनास ठाऊक."  तिनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर लावून, पूर्ण नाव. नात्याच्या जागी लिहिलं, चुलती.

झेरॉक्स काढून दोन बस बदलून मायलेकी विद्यापीठात पोचल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. काचेपलीकडच्या बाईंनी कागद उलटेपालटे केले, शिक्का मारला. "सोमवारपासून राहायला या. गादी स्वतःची आणा."

"खाट?" चिमाबाईनं विचारलं.

"खाट आहे मावशी."

"मंग झालं."

दुसऱ्या दिवशी लंकाबाईच्या खाचरात आवणी, म्हणजे भाताची लावणी, होती. वाडीतल्या बाया आवणीला सावड करतात, आज तुझ्यात तर उद्या माझ्यात. चिमाबाईचा कालचा दिवस बुडाला होता. चिखल तयार होता, रामनाथनं बैल नुकतेच बांधावर काढले होते. पावसाची बारीक झड लागलेली.

"काल कुठं उंडारली गं?" लंकाबाईनं तिकडून हाळी दिली. "आमी कंबरडं मोडून घेतलं हितं."

"पोरीला जागा बघाया गेलते."

"मिळाली?"

"न मिळून सांगती कुनाला!"

"कशी हाये?"

"येशील तवा बघ," चिमाबाई म्हणाली. तिनं लुगडं गुडघ्यावर खोचलं, प्लॅस्टिकची खोळ डोक्यावर ओढली आणि चिखलात उतरली. बांधावर उभ्या मोहिनीनं रोपांची मूठ फेकली, ती तिनं वरच्यावर झेलली. "हितनं तितपत्तूर रोपांच्या दोन वळी माझ्या जादा, कालच्या बुडाल्या दिसाच्या," ती म्हणाली, आणि वाकून तिनं पहिलं रोप रोवलं.